खांदा धरलाय, सुया टोचून घेऊ का?

एका ताईंचं पत्र आलंय, थोडं कापून देते.

"मी भांडुपला राहते, वय ४९, नोकरी फोर्टला. पावसाळ्यात दादरच्या ब्रिजच्या जिन्यावरून घसरले, उजव्या हातावर भार आला. तेव्हा मुका मार वाटला म्हणून तेल लावून शेकत बसले. आता पाच महिने झाले, हात वर जात नाही, मागे तर अजिबात जात नाही, ब्लाउजचा हुक मुलगी लावून देते, लोकलमध्ये वरची कडी पकडता येत नाही, रात्री त्या कुशीवर वळले की जागच येते. सहा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. ऑर्थोने एक्सरे, एमआरआय काढून फ्रोझन शोल्डर सांगितलं, वर एक स्नायू थोडा फाटलाय म्हणाले, फिजिओ करा नाहीतर इंजेक्शन घ्या. फिजिओत इतकं दुखलं की मी आठवड्यात सोडलं. जाऊबाईंच्या गुडघ्याला अ‍ॅक्युपंक्चरने गुण आला म्हणून त्यांच्या ओळखीच्या ठिकाणी गेले. ते म्हणाले वीस सिटिंगचं पॅकेज घ्या, सोळा हजार, इंजेक्शन घेऊ नका, व्यायाम बंद ठेवा, आणि सुयांनी शुगरपण खाली येते मग गोळ्या हळूहळू सोडू. मी तीन हजार अ‍ॅडव्हान्स देऊन आले. मिस्टर म्हणतात हे सगळं चिनी थोतांड आहे, खांद्यासाठी पायात सुई घालतात ऐकून तर हसतच सुटले. काय करू? आणि सुई दुखते का?"

ताई, सगळ्यात आधी गोळ्यांचं बोलू, कारण खांदा एक ते तीन वर्षांत का होईना सुटतो पण शुगरकडे दुर्लक्ष केलं तर ती किडनी आणि डोळ्यांपर्यंत जाते. अ‍ॅक्युपंक्चरवाल्याच्या सांगण्यावरून एक गोळीसुद्धा कमी करायची नाही. गोळी कमी करायची की नाही हे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट बघून तुमचे डॉक्टर ठरवणार. ज्या माणसाकडे तुम्ही खांदा घेऊन गेलात आणि तो पहिल्याच भेटीत शुगरच्या गोळ्या सोडवायच्या गोष्टी करतो, त्याच्या हातात सुई कितीही चांगली असली तरी मी त्याच्याकडे जाणार नाही. स्पष्टच सांगते, माझं उत्तर 'अ‍ॅक्युपंक्चर नको' असं नाहीये, 'त्या ठिकाणी नको' असं आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या घरच्या भांडणात त्या एक झाल्यात.

आता खांदा. मी फिजिओ आहे, त्यामुळे माझं झुकतं माप व्यायामाकडे असणार हे आधीच धरून चाला. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, कॅप्सूल म्हणतात, फ्रोझन शोल्डरमध्ये तिला सूज येते, मग ती जाड होते आणि आकसते, पहिल्याच धुण्यात आटलेल्या सुती ब्लाउजसारखी, हात घालायला जागाच उरत नाही. चाळिशी ते साठीत होतं, बायकांना जास्त, आणि शुगर असलेल्यांना तर फारच, शंभरातल्या दहा ते वीस जणांना कधी ना कधी होतं असं धरतात. थायरॉइडवाल्यांनाही होतं. पडल्यावर दुखतंय म्हणून हात पोटाशी धरून बसलं की खांदा आकसायला अजून सोपं जातं. आधी दुखण्याचे महिने, मग दुखणं कमी पण हात घट्ट असे महिने, मग हळूहळू सुटण्याचे महिने, सगळं धरून एक ते तीन वर्षं. तुम्हाला रात्री जाग येते म्हणजे तुम्ही अजून पहिल्याच टप्प्यात आहात, फार तर पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये.

घरी एक करून बघा. कोपर कमरेला चिकटवा, काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या. आता तेच मिस्टरांना हलक्या हाताने करायला सांगा (हलक्या हाताने! हसणारे लोक जरा जोर लावतात). त्यांनी नेला तरी हात तिथेच अडतोय तर पिशवीच आकसलीय. त्यांच्या मदतीने सहज जातोय आणि फक्त तुम्हाला स्वतःहून नेता येत नाही, तर मग त्या फाटलेल्या स्नायूचा विषय मोठा आहे आणि ऑर्थोला परत दाखवायला हवं, पडून झालेल्या दुखापतीत ते लांबवायचं नाही. बाकी एमआरआयमध्ये 'थोडा फाटलाय' वाचून झोप उडवून घेऊ नका, पन्नाशीच्या आसपास काहीच दुखत नसलेल्या माणसांच्या खांद्यातही असं सापडतं, वयाने होते ती झीज.

आता सुयांकडे. मिस्टरांना सांगा, थोतांड म्हणून उडवून लावण्याइतकं ते हलकं नाही, आणि जाऊबाईंना सांगा, त्या म्हणतात तेवढं जादूचंही नाही. कमरेच्या जुनाट दुखण्यावर जर्मनीत एक मोठा अभ्यास झाला, २००७ साली छापून आला, ११६२ पेशंट. एका गटाला नीट जागेवर सुया, दुसऱ्याला खोट्या म्हणजे भलत्याच जागी आणि वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीची औषधं, व्यायाम वगैरे. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्के लोकांना बऱ्यापैकी फरक, खोट्या सुयांच्या गटात ४४.२ टक्के, आणि नेहमीच्या उपचारात फक्त २७.४ टक्के. आता हा आकडा मिस्टरांना दाखवला तर ते म्हणतील बघ, खरी-खोटी सारखीच! आणि जाऊबाईंना दाखवला तर त्या म्हणतील बघा, गोळ्यांपेक्षा सुया सरस! दोघंही बरोबर आहेत, हीच तर गंमत आहे. टोचण्याचा, अर्धा तास शांत पडून राहण्याचा, कुणीतरी आपल्या दुखण्याकडे लक्ष देण्याचा, सगळ्याचा मिळून परिणाम होतो, आणि नेमक्या बिंदूचा वाटा त्यात लोक समजतात तेवढा नाही.

पण खांद्याचं थोडं वेगळं निघालं. जर्मनीतलाच ४२४ जणांचा अभ्यास आहे, २०१० चा, जुनाट खांदेदुखीचा, त्यात उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी खऱ्या सुयांना ६५ टक्के, खोट्यांना २४, नेहमीच्या उपचाराला ३७. हे ऐकायला छान वाटतं, पण सुया घालणाऱ्या डॉक्टरांना आपण खरी घालतोय की खोटी हे माहीत असतंच ना, ते लपवणार कसं, आणि त्यांच्या बोलण्यातून पेशंटला वास येतोच. २०१८ मध्ये ३९ अभ्यासांतल्या जवळजवळ २१ हजार पेशंटची माहिती एकत्र करून पाहिली, पाठ-मान, गुडघा, डोकेदुखी आणि खांदा अशी जुनाट दुखणी, तर सुया घेतलेल्यांना न घेतलेल्यांपेक्षा नक्की बरं वाटलं, खोट्या सुयांपेक्षा खऱ्या थोड्याच पुढे, आणि वर्षभराने तो फायदा बराचसा टिकून होता. म्हणून माझं मत असं, दुखणं कमी करायला चालेल. पण आकसलेली पिशवी सुईने सैल होते, फाटलेला स्नायू सुईने सांधतो, असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघायचं.

दुखणं कमी का होतं याचा थोडा उलगडा झालाय. सुई त्वचेखाली स्नायूत गेली की तिथल्या नसा मणक्यातून मेंदूकडे खबर देतात आणि शरीर स्वतःचीच वेदनाशामक रसायनं सोडतं, एंडॉर्फिन त्यातलंच. १९७७ मध्ये काही लोकांवर करून बघितलं होतं, अफूसारख्या औषधांचा असर मोडणारं नॅलोक्सोन दिलं तर सुयांनी आलेला आरामही उतरला. पायात सुई खांद्यासाठी का, याचं उत्तर त्यात अर्धं आहे, कारण हा खेळ नुसत्या दुखऱ्या जागेवर चालत नाही, मणका आणि मेंदू मध्ये असतात. उरलेलं अर्धं परंपरेचं. नडगीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघा आणि घोटा यांच्या साधारण मध्यावर तियाओखौ नावाचा बिंदू आहे, चिनी वैद्य खांद्यासाठी तो वापरतात, आणि कसा वापरतात हे मिस्टरांना मुद्दाम सांगा: पायात सुई फिरवत असताना पेशंटला खांदा हलवायला लावतात. म्हणजे ज्यांची ही विद्या आहे तेसुद्धा हलवा म्हणतात! आणि तुमचे पॅकेजवाले म्हणतात व्यायाम बंद ठेवा. कुठून शिकले देव जाणे.

चिनी म्हणून नाक मुरडायचं तर आपलाही त्यात हात आहे हो. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात आपले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, परळच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकलेले, ते १९४२ मध्ये तिकडेच वारले. त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू नंतर परत चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि १९५९ मध्ये कोलकात्यात सुरू केलं, तिथून ते आपल्याकडे पसरलं. आणि आपल्या राज्यात तर २०१५ च्या नावाचा अ‍ॅक्युपंक्चरचा कायदाच आहे, परिषद आहे, तिच्याकडे नोंदणी होते. त्यामुळे तुम्ही कुठेही जाल तिथे पहिला प्रश्न नोंदणीचा विचारायचा, नंबर दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालतो आपण, इथे तर अंगात सुई घालून घ्यायचीय.

मग करायचं काय. तुमचं फिजिओ का फसलं ते आधी समजून घ्या. दुखण्याच्या टप्प्यात कुणी हात ओढून ओढून वर नेला असेल तर दुखणारच, आणि त्याने खांदा अजून चिडतो, हे आमच्या धंद्यातल्या लोकांनाही सांगावं लागतं हे दुर्दैव. या टप्प्यात जोर नसतोच. टेबलाला डावा हात टेकून वाकायचं, उजवा खाली सोडून पेंडुलमसारखा हलू द्यायचा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी वर चढायचं, जिथे ताण लागतो तिथे थोडं थांबून खाली. उताणं झोपून डाव्या हाताने उजव्याला आधार देत डोक्याकडे न्यायचं. दिवसातून तीन-चार वेळा, पाच पाच मिनिटं, आंघोळीच्या गरम पाण्यानंतर केलं तर सोपं जातं. नंतर अर्धा तास थोडं ठणकलं तर चालतं, रात्रभर ठणकलं तर आदल्या दिवशी जास्त झालं, दुसऱ्या दिवशी निम्मं करा, बंद नाही.

आणि इथेच सुयांचा खरा उपयोग आहे, तुमच्यासारख्यांना. सुया घेतल्यावर काही तास, कधी दोन-तीन दिवस दुखणं उतरतं, झोप लागते. त्या वेळात हात हलवून घ्यायचा. नुसतं बरं वाटतंय म्हणून सोफ्यावर बसलात तर आठवड्याने खांदा आहे तिथेच आणि पैसे गेले. शक्य झालं तर सिटिंग संध्याकाळी ऑफिसमधून येताना ठेवा आणि घरी आल्यावर कुकर लावायच्या आधी भिंतीजवळ उभ्या रहा (कुकर मुलीला लावू दे की, कितवीला आहे ती).

इंजेक्शन घेऊ नका असं त्यांनी सांगितलं त्याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण पहिल्या टप्प्यात, जेव्हा रात्रीची झोप जाते तेव्हाच सांध्यातल्या स्टेरॉइड इंजेक्शनचा सगळ्यात जास्त फायदा होतो, पुढे घट्ट झाल्यावर तेवढा नाही. काही आठवडे दुखणं खाली येतं आणि व्यायाम जमतो. फक्त तुमच्या बाबतीत एक गोष्ट, स्टेरॉइडने काही दिवस शुगर वर जाते, म्हणून इंजेक्शनच्या आधी शुगरच्या डॉक्टरांशी बोला आणि नंतर आठवडाभर घरी मशीनवर तपासत रहा. शुगर आधीच बेफाम असेल तर ते थांबायला सांगतील, तेव्हा सुयांचा पर्याय जास्त कामाचा. एवढंच. इंजेक्शन म्हणजे हाड पोकळ होणार, सवय लागणार हे जे लेडीज डब्यात ऐकायला मिळतं ते एक-दोन इंजेक्शनांना लागू नाही. ऑपरेशनची कुणी घाई केली तर मात्र थांबा. ब्रिटनमध्ये ५०३ पेशंटवर ताडून बघितलं, २०२० मध्ये छापून आलं, एका गटाला इंजेक्शनसकट फिजिओ, एकाला भूल देऊन हात मोकळा करणं, एकाला दुर्बिणीचं ऑपरेशन, वर्षभराने तिघांत म्हणावा असा मोठा फरक निघाला नाही.

सुया घ्यायचं ठरवलंत तर शुगरमुळे तुम्हाला चार गोष्टी जास्त बघायच्यात. सुई एकदा वापरून फेकायची असते, पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, आणि वापरलेली सुई साध्या कचऱ्याच्या डब्यात नाही तर सुयांच्या बंद डब्यात गेली पाहिजे. 'तुमच्या नावाचा सेट ठेवतो, दर वेळी उकळून वापरतो' म्हणाले तर उठून या, हिपॅटायटिस बी असाच पसरलाय पूर्वी. उपाशीपोटी जायचं नाही, तुम्ही गोळ्यांवर आहात, शुगर खाली जाऊन चक्कर यायची आणि ती सुईची समजून पाणी मारत बसतील लोक. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगायचं. सुईला बॅटरी लावून करंट देतात, तो चालतो, पण हृदयात पेसमेकर असलेल्यांनी नाही. आणि लाल दिवा किंवा पेटलेली औषधी कांडी जवळ धरून शेकतात, तिथे जपा, शुगरवाल्यांची कातडी कधी कधी बधिर असते आणि भाजलेलं कळतच नाही.

अजून एक, हे क्वचित होतं पण सांगते कारण तुमच्या दुखण्याच्या जागेलाच ते लागू आहे. मान आणि खांद्याच्या मधला जो मांसल भाग असतो ना, बॅगेचा पट्टा बसतो तो, तिथे सुई खोल सरळ खाली गेली तर फुप्फुसाच्या टोकाला लागू शकते. घरी आल्यावर, अगदी काही तासांनीसुद्धा, एका बाजूला छातीत टोचायला लागलं किंवा दम लागला तर 'सुयांनी विष बाहेर पडतंय' वगैरे ऐकत बसू नका, जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि सुया घेतल्यात हे त्यांना सांगा.

पॅकेजचं. वीस सिटिंगचे पैसे आधी कशाला? अमेरिकेत वयस्कर लोकांचा जो सरकारी विमा आहे तो २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे देतो, पण ९० दिवसांत १२ सिटिंग, आणि त्यात फरक दिसला तरच पुढच्या ८. फरक नसेल तर बंद. तेवढं मोठं सरकार जर गुण बघून पुढचे पैसे देतं तर आपण पगारदार माणसांनी एकरकमी सोळा हजार का मोजायचे. कुठल्याही ठिकाणी एकेका सिटिंगचे द्या, आठवड्याला दोन धरून तीन आठवडे बघा. आणि बघायचं म्हणजे 'जरा बरं वाटतंय' असं नाही. पहिल्या दिवशी भिंतीवर बोट कुठपर्यंत चढतं तिथे पेन्सिलने खूण करा, पाठीमागे अंगठा कुठे पोचतो ते मुलीला बघायला सांगा, रात्री किती वेळा जाग आली ते कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहा. तीन आठवड्यांनी झोप सुधारली नाही आणि खूण हलली नाही तर सुया बंद करा आणि इंजेक्शनचा विषय परत काढा, ऑर्थो रागावणार नाहीत, आणि रागावले तर रागावले.

अ‍ॅडव्हान्सचे तीन हजार परत मागा. पावती असेल तर सोबत न्या, नसेल तर ज्यावरून पैसे पाठवले तो मेसेज दाखवा. देत नसतील तर भांडून तेवढ्या रकमेच्या सिटिंगा तरी घ्या असं मी म्हणणार नाही, व्यायाम बंद आणि गोळ्या बंद सांगणाऱ्याकडे फुकटातही नको. जाऊबाईंना वाईट वाटेल तर म्हणा की ठाण्याला जवळ पडतं म्हणून दुसरीकडे बघतेय. त्यांच्या गुडघ्याला गुण आला असेल, खोटं कशाला बोलतील, झिजलेल्या गुडघ्याचं दुखणं सुयांनी कमी झाल्याचे अभ्यास आहेतच, पण तो गुडघा आहे आणि हा खांदा.

लोकलचं राहिलं. वरची कडी सध्या विसरा, डावा हात सीटच्या पाठीला धरा, पर्स उजव्या खांद्यावरून काढून डाव्या खांद्यावर तिरकी घाला आणि दाराजवळ उभ्या राहू नका, धक्का बसला की हात आपोआप वर जातो आणि मग दोन दिवस कळा. रात्री उताणं किंवा डाव्या कुशीवर, उजव्या हाताखाली उशी, म्हणजे तो खाली लोंबत नाही.

आणि सुई दुखते का, तर रक्त तपासायला घेतात तशी नाही, खूपच बारीक असते, पाव मिलिमीटरच्या आसपास. टोचताना मुंगी चावल्यासारखं, मग आत गेल्यावर जड जड, बधिर, एखादा ओढ लागल्यासारखा ठणका येतो, तो आला की ते खूश होतात, जागा बरोबर लागली म्हणतात. झणझणीत करंट बोटांपर्यंत गेला तर मात्र लगेच सांगा, नसेला लागलंय, काढून परत घालतील. गप्प राहून सहन करू नका.